शंखजिऱ्याचा डबा

७ जानेवारी

हे म्हणाले, "रोज जेवताना माझं डोकं खाण्यापेक्षा लिहून काढत जा." म्हणून ही वही. नवऱ्याचं डोकं तरी वाचेल.

माझी धाकटी बहीण आली आज. एक बॅग, एक वजनकाटा आणि शंखजिऱ्याने भरलेला पत्र्याचा डबा. शंखजिरे म्हणजे तो मऊ दगडाचा पांढरा भुगा, अंगाला लावायच्या पावडरीत असतो तोच. माहेरी येताना माणसं काय काय आणतात, ही वजनकाटा घेऊन आली! आईने काटा हातात घेतला, चाचपला आणि म्हणाली, "छान आहे गं." काट्यात छान काय असतं ते मला अजून कळलेलं नाही.

आईने मला विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. परवा, भांडी घडवायच्या चाकावरून मान वर न करता. "धाकटीला बोलावलंय. मातीचं बघायला." मातीचं बघायला! ती घर सोडून गेल्यापासून इथली माती कोण खणतंय, कोण भिजवतंय, कोण तुडवतंय? माझ्या टाचा बघा म्हणावं. ही तिकडे फरशांच्या कंपनीत पांढरा कोट घालून फरशा मोडून बघते आणि त्याचा पगार घेते.

खरी भीती लिहून टाकते, वहीला काय लाजायचं. ओढ्यामागची आमची मातीची खाण गेली. जागा विकली, वर गोदामाची फरशी ओतूनसुद्धा झाली. ताडपत्रीखाली आहे तेवढीच जुनी माती उरली. आता इकडून तिकडून माती विकत आणायची, त्यात हे ते मिसळायचं आणि आपल्या मंद आचेच्या भट्टीत नीट भाजेल अशी नवी माती जुळवायची. आईला दिसेनासं झालंय. ती म्हणते, "नवी माती ठरली की मी चाकावरून उठणार. शिक्का देऊन टाकणार." शिक्का म्हणजे तिचा अंगठ्याएवढा मासा, प्रत्येक भांड्याच्या बुडाला उठवतो तो. तो ज्याच्या हातात, त्याचा कारखाना. कुणाला देणार हे काही बोलली नाही. आणि तिसऱ्या दिवशी ही बाई दारात हजर.

९ जानेवारी

गोणीवाला गोण्या टाकून गेला. पडवीत सगळा माल मांडला.

धाकटीचं सोपं आहे. अर्धी पांढरी चिकणमाती, अर्धं शंखजिरे. "ताई, कमी आचेला हे मिश्रण एकदम चालतं. वरच्या काचेसारख्या झिलईला चिरा जात नाहीत."

"आणि चाकावर?"

"चाकावर जरा साबणासारखं लागेल. साच्यात छान येतं."

"मग साबणच विक ना."

हे फिस्सकन हसले. आई हसली नाही.

मी काय करतेय ते मला पक्कं माहीत आहे. वीटवाल्याची लाल माती. आमची भांडी लोक लाल रंगावरून ओळखतात, ती पांढरी झाली तर ओळख कसली? त्यात चिवटपणासाठी थोडी पांढरी चिकणमाती, आणि वाळताना तडकू नये म्हणून खापराचा चुरा. फुटकी भांडी मी स्वतः कुटते, दुसऱ्या कुणाला देत नाही.

आईने दोन्हींची चिमूट घेतली. धाकटीची बोटांत चोळली. "छान. मऊ आहे." माझी थेट तोंडात टाकली, दातांखाली कुरकुर केली आणि थुंकली. "खरखरीत आहे. पुन्हा चाळ."

धाकटीची माती तोंडात का नाही घातली? तिची लाडाची, माझी थुंकायची.

१० जानेवारी

चाळतेय. खांदा गेला कामातून.

१५ जानेवारी

धाकटी आज कपाटावरची चिमणी खाली काढून बघत होती. तिने लहानपणी केलेली, एक पंख तिरका, चोच चेचलेली. मी त्याच आठवड्यात पहिली लोटी केली होती. आईने चिमणीला छान म्हटलं आणि कपाटावर ठेवली. माझ्या लोटीवर हात मारला, गोळा केला आणि परत माझ्यापुढे आपटला. पुन्हा. नंतर किती दिवस तेच. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. माझी एकही लोटी त्या कपाटावर गेली नाही. रागाने मी एकदा मातीच्या कुंडीत पाय आपटले तर आई म्हणाली, तुडवतेस चांगली, आता रोज तूच तुडव.

"अजून ठेवलीय ही?" धाकटी म्हणाली. फडक्याने धूळ पुसली आणि परत ठेवताना तिचं तोंड भिंतीकडे केलं. मिरवायचं नाही असं दाखवायचं, म्हणजे आपण विचारावं. मी मुळीच विचारलं नाही.

२३ जानेवारी

भट्टी उघडली. माझे तीन लाल तांबे, एकापेक्षा एक! तिच्या पांढऱ्या वाट्या, दवाखान्यातल्या वाटतात. ह्यांनी पांढरी वाटी उचलून "काय गुळगुळीत आहे" म्हटलं. जेवायला वाढलं नाही तासभर.

२८ जानेवारी

सकाळी मांडणीवर टक् असा आवाज झाला. हे म्हणाले, पाल असेल. पाल कसली! माझ्या तांब्याच्या पोटावरून नखाएवढी खपली उडून पडली होती आणि खळग्यात मधोमध एक पांढरा ठिपका. दुपारी दुसऱ्या तांब्याची उडाली. संध्याकाळपर्यंत तिन्ही तांब्यांना देवी आल्यासारखं तोंड.

आणि हिच्या वाट्या जशाच्या तशा. मला काय काय सुचलं ते लिहिणार नाही. थोडं लिहिते. काल माझ्या मांडणीपाशी उभी राहून ही तांब्यांकडे टक लावून बघत होती. इतकं कुणी बघतं का?

धाकटी भिंग घेऊन आली. "चुनखडी आहे ताई. वीटवाल्याच्या मातीत बारीक खडे असतात. भाजले की हवेतला ओलावा पितात आणि फुगतात. तुझी चाळण मोठ्या भोकांची पडली."

चाळण ठीक होती! आमच्या खाणीच्या मातीला वर्षानुवर्षं हीच चाळण पुरली. पण खाणीत चुनखडी नव्हती, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. बाहेरची माती घरच्या चाळणीने चाळली. आणि हे मला कळावं कुणाकडून, तर हिच्याकडून. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आईने खळग्यात बोट घातलं. ओरडेल वाटलं. "पुन्हा," एवढंच म्हणाली आणि चहा मागितला.

धाकटी मला म्हणाली, "तुला ती किती..." आणि थांबली. किती काय? किती टाकून बोलते, हेच ना. माहीत आहे मला. दया नको.

५ फेब्रुवारी

बारीक चाळणीने सगळी माती पाण्यातून गाळली. हात सुरकुतले. खपल्या बंद! पण आता तांबा झिरपतो. आईची रीत म्हणजे भांडं पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवायचं. सकाळी माझ्या तांब्याखाली कागद ओला, अक्षरं फिसकटलेली. उजेडात धरलं तर झिलईवर केसाएवढ्या चिरांचं जाळं. माती आणि झिलई दोघींचं पटत नाही, एक जास्त आक्रसते, एक कमी. घरोघरी तेच.

धाकटीच्या वाटीखाली कागद खणखणीत कोरडा.

"ताई, थोडं शंखजिरे घाल. अगदी थोडं. तुझी लाल माती तशीच राहील, फक्त झिलई धरून बसेल."

"तुझं शंखजिरे तुलाच लखलाभ."

"अगं माझं काय त्यात, दगडाचा भुगा तो."

"माझ्या मातीत दुसऱ्याचा डबा नको." असं म्हणाले खरी. आई आतून ऐकत होती.

नळवाला आला होता. गेल्यावरही नळ ठिबकतच होता, आणि आई त्याला म्हणाली, "छान केलंस हो." मागच्या आठवड्यात औषधाच्या दुकानदाराची मुलगी मातीचा हत्ती करून गेली, सोंड कुठली आणि शेपूट कुठली कळेना, तोही छान. ह्यांचा सदरा छान. जगात सगळ्यांना मिळतो हा शब्द. मलाच तेवढा नाही. मी काय पाप केलंय?

९ फेब्रुवारी

आई डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली. धाकटीला घेऊन. मी चप्पल घालून दाराशी उभी होते. आई म्हणाली, "तू कशाला? तुला काम आहे. तिला काय, ती मोकळीच." दोघी हात धरून रस्ता ओलांडून गेल्या. मी खिडकीतून कोपऱ्यापर्यंत बघत राहिले. आईचा हात माझ्या हातात शेवटचा कधी होता, आठवेना.

घरात कुणी नव्हतं. हे भांडी पोचवायला गेले होते. धाकटीचा डबा तिच्या बाकाखाली असतो, तो आज पडवीतच होता, माझ्या परातीच्या शेजारी. घाईत विसरली असेल. झाकणही सैल.

घेतलं मी. वजन कशाला करतेय, काट्याला हात लावला असता तर तिला कळलं असतं. ओंजळीने घेतलं. दोन, तीन, मग अजून थोडं. लाल मातीत मळून टाकलं, दिसतसुद्धा नाही. डबा होता तस्सा ठेवला. हात तीनदा धुतले तरी पांढरट वाटत होते.

आल्यावर धाकटीने डबा उचलून आत नेला. "ताई, जेवलीस का?" म्हणाली. मी हो म्हटलं. नव्हते जेवले.

१९ फेब्रुवारी

झालं! कागद कोरडा! मी पहाटे चोरासारखी जाऊन बघितलं, मग उजाडल्यावर नीट बघितलं. चीर नाही, खपली नाही, रंग आमचा तोच लाल. टिचकी मारली तर मस्त टणक आवाज.

आईपुढे दोन्ही नेऊन ठेवले, माझा तांबा आणि धाकटीची नवी वाटी. ही वाटी तिने चाकावर केली होती म्हणे, माझं चाक सोडून आईच्या जुन्या चाकावर. माझ्या चाकाला कुणी हात लावलेला मला चालत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आईने वाटी हातात फिरवली. "छान." खाली ठेवली.

तांबा घेतला. बुडापासून काठापर्यंत बोटं नेली. वाजवला. नाकाशी धरला. आत हात घालून चाचपला. काय करत होती इतका वेळ कुणास ठाऊक!  आता म्हणेल, आता म्हणेल.

"पुन्हा कर," म्हणाली.

मी तांबा उचलला आणि भट्टीमागे जाऊन रडले. हो, या वयात. काय कमी होतं त्यात? कागद कोरडा होता ना? परत आले तर धाकटी नळापाशी तोंड धूत होती, डोळे लालेलाल. "साबण गेला गं," म्हणाली. साबण! छान ऐकूनही बाईला रडू येतं. माझा राग रडण्यात गेला, आता रडण्यातही वाटा घ्यायला आली ही.

शिक्का कुणाला जाणार ते दिसतंच आहे.

२० फेब्रुवारी

पुन्हा कर म्हणणं सोपं आहे. कशी करू? ओंजळी किती होत्या? तीन, की साडेतीन? आणि ओंजळ भरलेली होती की सांडलेली? माती तीच, चुरा तोच, पण ते पांढरं किती घातलं ते मलाच माहीत नाही! जन्मात एकदा जमलं आणि तेही मोजलं नाही, कारण चोरलेलं होतं.

सकाळभर नुसती परातीपुढे बसले होते. धाकटी येऊन शेजारी बसली. तिने डबा मध्ये ठेवला.

"सव्वा किलो," म्हणाली.

"काय सव्वा किलो?"

"दहा किलो मातीला सव्वा किलो घेतलंस तू. डॉक्टरकडे जाताना डबा तोलून ठेवला होता. आल्यावर परत तोलला."

 पृथ्वी दुभंगावी वगैरे म्हणतात ते असं असतं. मग राग आला, तोच बरा पडतो मला. "म्हणजे मी चोरी करणार हे धरूनच चालली होतीस तू!"

"तू मागणार नाहीस हे धरून चालले होते. म्हणून बाहेर ठेवला. झाकण पण सैल केलं, तुझं नख मोडलंय म्हणून."

"आईला सांगितलंस?"

"आईला बोटांनी कळलं. तिने तांब्याच्या बुडावर बोटं फिरवली तेव्हाच."

"मग छान का नाही म्हणाली?" हे माझ्या तोंडून निघून गेलं. किती वर्षं आत दडपून ठेवलेलं, आणि निघालं ते हिच्यापुढेच.

धाकटी माझ्याकडे बघतच राहिली. "तुला छान हवंय?" म्हणाली. "घे माझे सगळे. चिमणीला छान, वाटीला छान, नोकरी लागली छान, परगावी चालले तरी छान. कंपनीच्या जेवणाच्या डब्यालासुद्धा छान म्हणाली ती. ताई, मला एकदा, एकदाच पुन्हा कर म्हणाली असती ना, तर मी गेलेच नसते."

 पुन्हा ऐकून ऐकून ज्याचे हात सोलवटले त्याला विचारा म्हणावं. सुखात वाढलेल्या माणसांना दुःखाची हौस असते. तसं बोलले मात्र नाही. काटा पुढे ओढला आणि सव्वा किलो तोलून घेतलं. पहिल्यांदाच काट्यावर. काटा बरा आहे तसा.

४ मार्च

पुन्हा केलं. सहा तांबे, सहाही कोरडे.

आईने एक-एक करून बघितले. मग एप्रनच्या खिशातून शिक्का काढला आणि माझ्याच अंगावर खेकसली, "धर हा. सारखा मागितला की काढून देत बसायला मला वेळ नाही. आणि बुडाला उठवताना अंगठा सरळ ठेव, तुझा नेहमी वाकडा पडतो."

हातात मासा. गरम होता, तिच्या अंगाचा. मी म्हटलं, "धाकटी?"

"तिचं काय?"

"तिची पांढरी माती?"

"छान आहे की," आई म्हणाली. "तिच्यासोबत पाठव."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला, खोटं कशाला बोलू? भरपूर झाला. पण धाकटी दारात वाट्या कागदात गुंडाळत होती, आणि तिने हे ऐकलं. तिने एक वाटी दोनदा गुंडाळली.

गोणीवाल्याला माल सांगायला हे गेले तर तो म्हणाला, लाल मातीचं आई जानेवारीतच सांगून गेल्यात. जानेवारीत! तेव्हा तर माझ्या तांब्यांच्या खपल्या उडत होत्या. म्हातारपणी विसरायला झालंय तिला.

६ मार्च

उद्या पहाटेची तिची गाडी. बॅग भरून दाराशी. आज दुपारी माझ्यापाशी आली. "ताई, तुझ्या मातीत एकदा बसू? तुझ्या चाकावर?"

नाही म्हणणार होते. शिक्का खिशात होता, म्हणून मोठं मन दाखवलं. उठले.

तिने वाडगा काढला. पहिला मोडला, दुसरा मोडला, तिसरा उभा राहिला. आई काठीने चाचपत आली, काठावरून एक बोट फिरवलं. "छान झालाय गं." आणि आत जाऊन आडवी झाली.

मी आज धाकटीच्या तोंडाकडे बघत होते. आजवर मी अशा वेळी आईच्या तोंडाकडे बघत आलेय. धाकटी हसली, पाहुणे निघताना यजमान हसतात तसं. मग हात धुवायला उठायला लागली.

मी वाडगा बघितला. काठ इतका पातळ, इतका सारखा! या मातीत मला अजून असा काठ आलेला नाही. आणि हिने तिसऱ्या खेपेला काढला! खरं सांगते, तोंडापर्यंत शब्द आला होता. छान. अगदी मनापासूनचा. तो म्हटला असता तर ती गेली असती, आणि चाक माझं, माती माझी, शिक्का माझा.

तारेने वाडगा बुडातून कापला, उचलला आणि त्यावर हात मारला. गोळा करून तिच्यापुढे आपटला.

"बूड जाड ठेवलंस," म्हटलं. "पुन्हा."

 नाक लाल झालं तिचं. चिखलाच्या मनगटाने डोळे पुसले, तर सगळं कपाळ लाल. "कुठे जाड होतं?" म्हणाली, आणि हसत होती. रडत पण होती. काय समजावं हिला?

"मला काय विचारतेस, हाताला विचार."

बसली परत. एक झाला, मी मोडला. अजून एक झाला, तोही मोडला. अंधार पडला तरी उठेना. आतून आईने विचारलं, "कोण बसलंय गं चाकावर?"

"धाकटी," मी म्हटलं. "पुन्हा करतेय."

आत खाट करकरली. आई म्हणाली, "दिवा लाव की मग तिला."

७ मार्च

पहाटेची गाडी गेली. ती झोपली होती, मी उठवलं नाही. उठल्यावर तिने कंपनीला फोन करून रजा वाढवली. चहा घेऊन सरळ चाकावर.

आईचं जुनं चाक डुगडुगतं, ह्यांना सांगून ते नीट करून घ्यायला हवं. माझं मी देणार नाही.